नवसाच्या नावाचं पान

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. पण तुमच्या दप्तरातल्या वहीसारखी नाही. मी हातभर लांब आणि वीतभर रुंद आहे, आणि मला तांबड्या फडक्यात बांधून ठेवतात. माझी गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. ती दुःखाची आहे. पण ती तुमच्याएवढ्याच एका मुलीची आहे, आणि तिच्याबद्दल मी गप्प राहिले तर मग बोलणार कोण?

माझा कागद जुन्नरचा, चिंध्या कुटून केलेला. जुन्या नाशकातल्या नजीरचाचांनी आधीच्या जीर्ण वहीची पानं नव्या कोऱ्या पानांशी शिवून मला बांधलं. खळ शिजवताना ते तीत चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे पानांना कसर लागत नाही. माझ्या पाठीतून शेवटचा दोरा ओढून त्यांनी मला त्र्यंबकगुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही तुमच्या नातवापर्यंत टिकेल. फक्त उंदरांपासून जपा."

"उंदरांचं माझ्या घरी काय काम?" गुरुजी म्हणाले. "आले तरी त्यांना एकादशीच घडते."

दोघंही हसले. गुरुजी तेव्हा तिशीत होते. रामकुंडापासून दोन गल्ल्या आत, पंचवटीत त्यांचं घर. ते क्षेत्रोपाध्ये होते. माणूस गेलं की त्याच्या अस्थी घेऊन घरची मंडळी गोदावरीवर येतात, आणि प्रत्येक गावाचा उपाध्या ठरलेला असतो. तो गाव विचारतो, कूळ विचारतो, आणि माझ्यासारखी वही उघडून त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचून दाखवतो. मग आलेला माणूस स्वतःच्या हाताने खाली लिहितो: मी अमुक, अमुक गावचा, आज या तिथीस अमुक यांच्या अस्थी घेऊन आलो. याला लेख म्हणतात. लिहिता येत नसेल तर उपाध्या लिहितो आणि आलेला माणूस अंगठा उठवतो. आम्हा वह्यांना नामावळी म्हणतात. माझ्याकडे सटाणा आणि कळवण या बाजूची गावं होती.

ते दिवस फार चांगले होते. पणजोबाची सही पाहून मोठमोठे बाप्ये माझ्या पानावर हात ठेवून रडत. एकदा कळवणकडचे दोन म्हातारे भाऊ आले. सत्तरी ओलांडलेले, पण थोरला कोण यावर त्यांचं घरापासून भांडण चाललं होतं. गुरुजींनी त्यांच्या आज्याचा लेख वाचला. त्यात थोरल्या नातवाचं नाव होतं आणि धाकटा अजून झालाच नव्हता. हरलेला म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, ही वही फितूर झाली! ह्यानं तिला गूळ चारला असंल." सगळी ओसरी हसली. मला तेव्हा वाटायचं, मी किती कामाची आहे!

आता नवसाबद्दल सांगते. यातलं बरंचसं मला फार उशिरा कळलं, पण तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

सटाण्याच्या पलीकडल्या एका लहान गावातून काळू आणि सरुबाई हे नवरा-बायको पोटासाठी नाशकात आले होते. पंचवटीत कांदा निवडायचं काम करायचे. लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल नव्हतं. मग गडावरच्या देवीला नवस बोलले आणि मुलगी झाली, म्हणून तिचं नाव नवसा. काळूचा एक चुलतभाऊ होता, झुंबर. तोही नाशकातच असायचा, मखमलाबादच्या बाजूला एका मळ्याची राखण करायचा. सणावाराला जेवायला सरुबाईकडे यायचा, नवसाला खांद्यावर बसवून फिरवायचा. नवसाच्या पायांत आजीने घातलेले चांदीचे जाड वाळे होते. ती पळाली की गल्लीभर ऐकू जायचं.

एकोणीसशे पासष्ट सालची रंगपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर मातीखाली बुजलेला असतो, त्या एका दिवसापुरता उकरतात आणि उकळलेल्या रंगाने भरतात. लोक काठावरून त्यात धप्पकन उड्या मारतात. सगळं नाशिक लोटतं. सरुबाई सहा वर्षांच्या नवसाला घेऊन रहाड बघायला गेली. नवसाने आईचा पदर मुठीत धरला होता. गर्दीचा एक लोंढा आला. सरुबाईने मागे वळून पाहिलं तर पदर मोकळा होता.

रंगपंचमीला सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. त्यामुळे कुणी कुणाला नेलं हे सांगणारं कुणी निघालं नाही. पोलिसांनी शोध घेतला, धर्मशाळा पाहिल्या, गाड्या पाहिल्या. दिवसभर झुंबर वहिनीच्या बरोबर घाटावर, बाजारात, एसटी स्टँडवर फिरला. तिला त्याने बळेच चहा पाजला. नवसा सापडली नाही.

गावच्या लोकांनी म्हटलं, आता परत चला. सरुबाई गेली नाही. "मनी पोर याच गावात हरवली," ती तिच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली (मनी म्हणजे माझी), "आली तर याच गावात येईल." आणि ती नाशकातच राहिली. दर रंगपंचमीला ती रहाडीच्या काठी उभी राहायची. पहिल्या वर्षी सात वर्षांची मुलगी शोधायची, पुढच्या वर्षी आठ वर्षांची. मुलगी कुठे आहे, आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. तिने कधी कुणाला नवसाबद्दल "गेली" असं म्हणू दिलं नाही. पाणी सोडायचा तर प्रश्नच नव्हता.

हे झालं पासष्ट साली. मी तेव्हा दोन गल्ल्यांवरच होते, पण बंद होते.

एकाहत्तर सालच्या पितृपक्षात एक माणूस आमच्या ओसरीवर आला. आधी तो दुसऱ्याच एका उपाध्यांकडे गेला होता. त्यांनी गाव विचारलं आणि म्हणाले, "सटाण्याकडचे ना? ते आमचे यजमान नव्हेत बाबा. त्र्यंबकगुरुजींकडे जा." त्याला बहुधा तिथेच उरकायचं होतं. पण आमच्याकडे एकाचा यजमान दुसरा घेत नाही. म्हणून तो आला. तो झुंबर होता.

"कुणाचं करायचंय?" गुरुजींनी विचारलं.

"लेकराचं. चुलतभावाची पोर."

"वय?"

"सहा."

"अरे, एवढ्या लहान लेकराचं श्राद्ध नसतं."

"तरी करा, गुरुजी." त्याने हात जोडले. "माझी दोन पोरं पाळण्यातच गेली. गावचा भगत म्हणतो, कुणीतरी पाण्यावाचून तहानलेलं हाय. मला झोप नाय लागत."

गुरुजींना दया आली. म्हणाले, "बरं, तिच्या नावाने तिलांजली देऊ. नाव काय?"

झुंबरने आधी ओसरीवर बसलेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुसरं नाव घेऊन नाय चालत?"

"चालेल कसं? नावाचं पाणी नावालाच जातं. खोटं नाव घेतलंस तर ते लेकरू तहानलेलंच राहील."

"नवसा," तो म्हणाला. "नवसा काळू."

"तिथी?"

"पासष्ट साल. रंगपंचमी झाली ना, त्यानंतर दोन दिसांनी."

गुरुजींनी बोटांवर मोजलं. "म्हणजे फाल्गुन वद्य सप्तमी. कशाने गेली?"

"इहिरीत."

गुरुजींनी पंचांगाकडे मान वळवली. ओसरीवर आणखी तीन यजमान ताटकळत होते. पाणी सोडून झाल्यावर त्यांनी मला झुंबरपुढे ठेवलं. तो चौथीपर्यंत शिकला होता. मान खाली घालून, एकेक अक्षर दाबत त्याने लिहिलं. लिहिताना त्याच्या कपाळाचा घाम पानावर पडला आणि शाई थोडी पसरली. मला वाटलं, किती माया आहे याची भावाच्या लेकीवर!

मित्रांनो, मला आजही त्याची लाज वाटते. लोकांनी दिलेलं सगळं मी जपून ठेवत होते, पण काय जपते आहे ते मला कळत नव्हतं. त्या मुलीची आई त्याच वेळी, हाकेच्या अंतरावर, कांद्याच्या ढिगापुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या पायांकडे पाहत होती. आणि मी फडक्यात बांधली गेले.

त्यानंतर दिवस पालटले. लोक अस्थी आणायचे, पण घाई असायची. नावं ऐकत बसायला कुणाला वेळ नव्हता. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांचा मुलगा जयराम सातपूरला कारखान्यात लागला. त्याचंही काही चुकलं नाही, घर चालायला हवं. पण मी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेले. माझ्यावर जुने कंदील, फुटकी समई आणि जयरामची शाळेची पुस्तकं येऊन पडली. एकदा रद्दीवाला आला तेव्हा जयराम पेटी खाली काढत होता. त्याची बायको लता स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ती नको! मामंजींच्या हातची अक्षरं आहेत त्यात." तेवढ्यावर मी वाचले.

लता चांगली मुलगी होती. तिची लेक शकू रांगायला लागली होती. दुपारी तिला निजवलं की लता मला खाली काढायची, पानं झटकायची, आणि गुरुजींना विचारत विचारत जुनी नावं वाचायला शिकायची. गुरुजी म्हणायचे, "सूनबाई, हे बायकांचं काम नाही." आणि लगेच पुढे म्हणायचे, "ते 'रावजी' आहे, 'राघोजी' नव्हे. नीट बघ."

शहाऐंशी सालच्या थंडीत काळू गेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून दहाव्याला झुंबर गावाहून आला. आता तो गावीच शेती करायचा, केस पांढरे झाले होते. नात्याने तोच जवळचा. तो म्हणाला होता, "त्र्यंबकेश्वरला जाऊन करू." सरुबाई म्हणाली, "सासऱ्याचं रामकुंडावर झालं, यांचंही तिथंच व्हईल." नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. वही म्हातारी झाली, गुरुजी आंधळे झाले, कोण काय वाचतंय, असंही त्याला वाटलं असेल.

क्रिया आटोपली. बायका सहसा लेखाला थांबत नाहीत, पण सरुबाई आमच्या ओसरीवर येऊन बसली. वीस वर्षं नाशकात राहून तिची बोली निम्मी बागलाणी, म्हणजे सटाण्याकडची, आणि निम्मी इकडची झाली होती; 'आहे'ला ती अजून 'शे' म्हणायची आणि 'मला'ला 'माले'.

"वही काढा," ती म्हणाली. "माले नावं लिहून घ्यायची शेत."

"वहिनी, राहू द्या," झुंबर म्हणाला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, ओलं. "मला सटाण्याची गाडी गाठायचीय. वही काय पळून जाते का?"

"जाशील रे. गाडी काय एकच शे? दोन नावं लिहू दे, मग जा."

लताने मला उघडलं. शकू तिच्या मांडीवर बसून माझ्या कोपऱ्याला हात घालत होती. गुरुजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी तोंडपाठ म्हटलं, "रावजीचे पुत्र दोन, महादू आणि गेणू. महादूचा काळू, गेणूचा झुंबर. पुढे बघ, सूनबाई."

सरुबाई लताकडे सरकली. "हे बघ पोरी, आधी यांचं नाव लिही. काळू महादू. आणि त्याच्याखाली लिही, मुलगी एक, नवसा. आणि पुढे लिही, हयात. मी गेल्यावर कोण सांगणार, तिले कोणी होतं का? ती कधी आली, कोणी वही उघडली, तर तिले दिसायला पाहिजे, तिच्या आईबापांनी तिचं नाव लिहून ठेवलं व्हतं."

लताचं बोट ओळीवरून खाली आलं. आणि ती आनंदाने म्हणाली, "अहो मावशी, आहे की! नवसाचं नाव आहे इथे! आधीच लिहिलंय!"

मित्रांनो, सरुबाईचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी पाहिलं. माझ्यात तिला काही सापडलं याचा आनंद तिच्या तोंडावर होता. "लिहेल शे?" ती म्हणाली. "तिच्या बापानं लिहिलं व्हई. माले कधी बोलला नाही बघ! त्याला तर सहीच येत होती. वाच ना पोरी. काय लिहिलं शे?"

लता पुढे वाचायला लागली आणि थांबली. तिने मांडीवरच्या शकूला जवळ ओढलं.

"वाच ना."

"मावशी..."

"वाच. मी ऐकते."

लताने वाचलं. "कुमारी नवसा काळू, वय वर्षे सहा. मृत्यू फाल्गुन वद्य सप्तमी, शके अठराशे शहाऐंशी. विहिरीत पडून. तिच्या नावे पाणी सोडले. हस्ते... हस्ते झुंबर गेणू."

खाली कुंडावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"मी... वहिनी, तसं नाय," झुंबर म्हणाला. "मला वाटलं, गेलीच असेल ती. इतकी वर्षं झाली. तिला शांती मिळावी म्हणून..."

सरुबाई ओरडली नाही. ती बोटं मोजत होती. पंचमी, षष्ठी, सप्तमी. तीनदा मोजली.

"हरवली पंचमीला," ती म्हणाली. "आम्हाले पंचमी माहीत. सप्तमी तुले कोणी सांगितली?"

झुंबरने आपली पिशवी जवळ ओढली.

"आणि विहीर? विहिरीचं तर आजवर कोणीच बोललं नाही."

गुरुजींनी अंदाजाने हात पुढे केला, जणू त्यांना कुणाला तरी थांबवायचं होतं. "अरे झुंबर," ते म्हणाले, "मी त्या दिवशी विचारलं नाही. बाप का आला नाही, हे मी विचारलंच नाही तुला."

"दोन दिवस," सरुबाई म्हणाली. "दोन दिवस ती होती. आणि तू माझ्यासंगे हिंडत होतास. स्टँडवर माले चहा पाजलास. तेव्हा ती होती, झुंबरभाऊ?"

सरुबाईने शेजारचा तांब्या उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पाणी पी," ती म्हणाली. "मग सांग, कोणती विहीर."

त्याने पाणी प्यायलं नाही. पण सांगितलं. मखमलाबादच्या मळ्यातली, मागच्या बांधाची, तेव्हाच वापरातून गेलेली, जी पुढे आटली म्हणून मालकाने दगडमातीने बुजवली.

लताने मला पदराखाली घेतलं, शकूला कडेवर घेतलं आणि शेजारच्या दोन बाप्यांना झुंबरजवळ बसवून ती पोलीस चौकीत गेली. तिला रस्त्यात काही सुचत नव्हतं. माझ्यावर तिच्या छातीचे ठोके आदळत होते.

विहीर उकरायला चार दिवस लागले. तिथून काय निघालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते की सरुबाई चारही दिवस काठावर बसून होती आणि खणणाऱ्या माणसांना म्हणत होती, "बाबांनो, हळू. फावडं हळू मारा."

झुंबरने पुढे सगळं कबूल केलं. त्याला फक्त ते चांदीचे वाळे हवे होते. तोंडाला रंग फासून त्याने गर्दीतून नवसाला उचललं. वाळे काढून घेऊन तिला कुठेतरी घाटावर सोडून द्यायचं, असं त्याच्या मनात होतं. पण मळ्यातल्या खोपीत तिने त्याला हाक मारली. रंगाआडूनही तिने काकाला ओळखलं होतं. ती त्याला जराही भ्यायली नव्हती. घरी नेऊन सोड म्हणत होती. दोन दिवस तो तिला खोपीत कोंडून विचार करत राहिला की हिला घरी सोडलं तर ही नाव सांगेल. आणि त्या दोन दिवसांत दिवसा तो तिच्या आईबरोबर तिला शोधत होता.

मलाही कोर्टात जावं लागलं. माझ्या पाठीला दोरी बांधून नंबराची चिठ्ठी लावली, लाख लावून मोहोर केली. झुंबरच्या वकिलाने लताला विचारलं, "असल्या जुन्या वहीत कुणीही काहीही लिहू शकतं. हे खरं कशावरून मानायचं?"

लता घाबरली होती, पण तिने सांगितलं, "साहेब, माणूस पोलिसांपुढे खोटं बोलेल, तुमच्यापुढे बोलेल. पण इथे लिहिलेलं आपल्या गेलेल्या माणसाला पोचवायचं असतं. इथे खोटं लिहून त्याचाच घाटा झाला असता."

झुंबरला जन्मठेप झाली. मी तीन वर्षं सरकारी कपाटात होते, दुसऱ्या कुणाच्या तरी कोयत्याशेजारी आणि एका फाटक्या सदऱ्याशेजारी. तिथे मला फार थंडी वाटायची. तिथल्या बहुतेक वस्तू मुक्याच असतात.

एकोणनव्वद साली मी घरी आले. गुरुजी आता ऐंशीला टेकले होते. मी आले म्हणताच त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि लताला म्हणाले, "तिला बोलावून आण."

सरुबाई आली. खूप वाळली होती. गुरुजी तिच्यासमोर हात जोडून बसले. "बाई, पंधरा वर्षं तुझं लेकरू माझ्या घरात होतं आणि मला ठाऊक नव्हतं. एक प्रश्न विचारला असता तर..."

सरुबाईने त्यांचे हात खाली केले. "तुम्ही विचारलं नाही, गुरुजी. पण त्याच्याकडून लिहून तर घेतलं. नाहीतर मी अजून रहाडीवर उभी असते."

लता म्हणाली, "मावशी, मामंजी म्हणतात लेख खोडायचा नसतो. पण तुम्ही म्हणाल तर त्याच्या अक्षरांवर मी कागद चिकटवते. तुम्हाला बघावं लागणार नाही."

"राहू दे," सरुबाई म्हणाली. "त्याच्यावर नको काही करू. खाली जागा शे का?"

"आहे. काय लिहू? कोणती तिथी लिहू?"

"तिथी नको. तिथी त्यानं लिहिली." सरुबाई माझ्याजवळ सरकली. तिला सुरुवात सापडत नव्हती. "लिही... तिले भिजवलेले शेंगदाणे आवडायचे. गुळासंगे."

लताने पेन धरलं आणि गुरुजींकडे पाहिलं. नामावळीत असलं कुणी लिहीत नाही. नाव, गाव, तिथी, एवढंच. गुरुजी म्हणाले, "लिही, सूनबाई."

"डाव्या हातानं जेवायची. मी रागवायची. आता वाटतं, उगा रागवले. लिहू नको ते. बरं, लिही, लिही. कुत्र्याले भ्यायची, पण बैलाले नाही. बैलाच्या पोटाखालून पळून जायची. झोपताना माझ्या कानाची पाळी धरायची. तिचं बोट लय गरम असायचं. पावसात छत्री धरली तर छत्रीबाहेर हात काढायची. काकाले 'धुंबर' म्हणायची, 'झ' येत नव्हता तिले..."

लताने ते वाक्य अर्धंच ठेवलं नाही, पुरं लिहिलं. शकू दाराशी येऊन उभी राहिली होती, चार-पाच वर्षांची. सरुबाईने तिला जवळ बोलावलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पुढे सांगू लागली. दिवा लावायची वेळ झाली तरी सांगतच होती. एक पान भरलं, दुसरं निम्मं भरलं. शेवटी तिने शाईत अंगठा बुडवला आणि माझ्यावर ठेवला, आणि बराच वेळ उचललाच नाही.

मित्रांनो, आता मी पेटीत नसते. लताने मला देवाच्या फळीवर ठेवलं आहे आणि महिन्याला ऊन दाखवते. माझ्यासारखी एखादी वही, एखादं जुनं पाकीट, पिवळा पडलेला कागद तुमच्याही घरी असेल. रद्दीत द्यायच्या आधी एकदा उघडून, वाचून बघा. आणि जे घरात वडीलधारे असतील, दारात येणाऱ्यांची नावं लिहून घेत असतील, त्यांना माझी विनंती आहे: लेकराची बातमी कुणी आणली तर आणखी एक प्रश्न विचारा. त्याचे आईबाप कुठे आहेत, हे विचारा. पुढे तीन माणसं ताटकळत असली तरी विचारा.

माझ्या पोटात काही हजार माणसांची नावं आहेत. ती कोणत्या तिथीला गेली, ते मी एका दमात सांगू शकते. पण शेंगदाणे कुणाला आवडायचे, झोपताना कान कुणाला लागायचा, हे मला त्यांच्यापैकी एकीचंच ठाऊक आहे.